शाईने लिहिलेली चूक

स्टाइनफेल्ड, मिनेसोटा
(सध्या मुक्काम टॉर्विक. हसू नकोस, कारण पुढे येईलच.)
१४ मे, रविवार

प्रिय नॉर्बर्ट,

थोरल्या भावाचे तुला आणि डोलोरेसला मनापासून आशीर्वाद. तुझा गुडघा, डोलोरेसची साखर आणि तुमच्या ॲरिझोनातल्या अंगणातलं संत्र्याचं झाड, या तिघांची प्रकृती कळवावी. नाताळची संत्री पोचली. त्यातली दोन फादर शीफर यांनी चाखण्यासाठी म्हणून नेली, आणि मग खात्री करून घेण्यासाठी आणखी चार नेली. इकडे बर्फ एप्रिलअखेर गेला, काहीतरी विसरल्यासारखा परत आला आणि पुन्हा गेला. (हवामान मी इथेच उरकून टाकतो. छत्तीस वर्षं आपण फोनवर हवामानाखेरीज काही बोललेलो नाही. ते संपलं की तू म्हणतोस, 'बरंय मग', आणि मी म्हणतो, 'बरंय'. या पत्रात मला त्या 'बरंय'च्या पुढे जायचं आहे. मला वेळ लागेल, पण तू कागद खाली ठेवू नकोस.)

तर माझं खुब्याचं हाड मोडलं. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू 'येऊ का?' असं विचारलं असतंस, मी 'नको, कशाला' म्हटलं असतं आणि तू खरंच आला नसतास. मार्चमधल्या एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहून प्रत्येकाला बजावत होतो, जपून उतरा, घसरडं आहे. चाळीसेक माणसं माझ्या कृपेने सुखरूप खाली गेली. एक्केचाळिसावा मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी पाठीवर पडून, वर आकाशाकडे बघत, चांगला निरखून पाहिला. हाड बसवलं, पण पुन्हा चालायला शिकण्यासाठी तीन महिने वृद्धाश्रमात राहा असं डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या गावातल्या आश्रमात खाट रिकामी नव्हती. खाट होती ती शेजारच्या टॉर्विकमध्ये, आपल्या जर्मन कॅथलिकांच्या पिढीजात वैऱ्यांच्या गावात. आपल्या वडिलांनी उभ्या जन्मात टॉर्विकच्या डेअरीचं लोणी पावाला लावलं नाही, आणि त्यांचा मुलगा चौऱ्याऐंशीव्या वर्षी टॉर्विककरांच्या हातची ओटची लापशी खातो आहे. लापशी चांगली असते. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही.

इथे जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते, आणि माणूस मेल्याशिवाय ती बदलत नाही. पहिल्या दिवशी मला जिथे बसवलं तिथे समोर एक लांबलचक, वाळलेला म्हातारा काळी कॉफी पीत होता. मनगटं कुंपणाच्या खुंटांसारखी. तो डाव्या हाताने चमचा उचलताना उजवा खांदा किंचित पुढे काढतो, नॉर्ब. तेवढ्यावरून मी ओळखलं. आयव्हर टोलेफसन. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, 'ब्रुनर.' मी म्हणालो, 'टोलेफसन.' तीन आठवडे आमचं बोलणं त्याच्यापुढे गेलं नाही. (टॉर्विकचे नॉर्वेजियन लोक शब्द दिवाळखोरी आल्यासारखे जपून वापरतात. आपल्या डोलोरेसचं माहेरही तेच, पण ती तुझ्या संगतीने सुधारली.)

आता हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. आयव्हर टॉर्विककडून सव्वीस हंगाम बेसबॉल खेळला आणि त्यातल्या प्रत्येक हंगामात त्याने आपली कणीक तिंबली. सकाळी गाई पिळायच्या, दुपारी आपल्याला पिळायचं. आपले लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे, पण तो बॅट घेऊन पुढे आला की मैदानावर एकही सॉसेज कुणाच्या तोंडात जात नसे. सगळं गाव हाताचं हातात धरून बघत बसायचं. पुढच्या रविवारी आपली पोरं गुदामाच्या मागे डाव्या हाताने उजवा खांदा पुढे काढून उभी राहायची, आणि त्यांचे बाप त्यांना रागावत, की तसं नाही, कोपर आणखी वर घे. आपल्या शत्रूची नक्कल आपण किती मन लावून करत होतो. आणि सर्वांत मन लावून मी. ही गोष्ट तुला ठाऊक नाही. मी स्टाइनफेल्डचा गुणलेखक, लाकडी खोक्यात बसून एकतीस वर्षं सामन्याची अधिकृत वही लिहिणारा, घरी एक दुसरी वही ठेवत होतो. निळ्या पुठ्ठ्याची. तीत फक्त आयव्हरचे फटके. पहिल्यापासून सगळे, क्रमांक घालून. कुठे पडला, कोणत्या चेंडूवर, वारा कुठला होता. बिस्किटांच्या डब्यात, पिठाच्या कपाटामागे. तिकडे हात घालायला मला कधी बायको नव्हती, त्यामुळे ती सुरक्षित राहिली. माझ्या सख्ख्या भावाच्या खेळाची अशी वही मी ठेवली नाही, हे लिहिताना आत्ता मलाच पहिल्यांदा कळलं.

आता त्या रविवारकडे येतो. तू आला असशीलच, वाचता वाचता.

ऑगस्टमधला हंगामातला शेवटचा सामना, आपल्या मैदानावर. आयव्हरने जाहीर केलं होतं की हा त्याचा शेवटचा. त्या सकाळी त्याच्या नावावर नऊशे नव्याण्णव फटके होते. आपल्या लीगमध्ये हजार तोवर दोघांनीच गाठले होते, आणि ते दोघे मरून गेले होते. टॉर्विकचं अख्खं गाव ट्रकांमध्ये भरून आलं. बँड आणला, आणि एका ट्रकच्या मागच्या फळीवर खाटेएवढा केक. त्यावर पांढऱ्या साखरेने हजाराचा आकडा. मला मुख्य राग त्या केकचा आला. बाळंत व्हायच्या आधीच बारशाची पंगत मांडायची, आणि तीही दुसऱ्याच्या अंगणात. आठ डाव आपल्या चेंडू फेकणाऱ्याने, पिचरने, त्याला उपाशी ठेवलं. नवव्या डावात (शेवटची फलंदाजी नाणेफेकीने त्यांच्या वाट्याला आली होती) गुण बरोबरीत, त्यांचा माणूस दुसऱ्या बेसवर, आणि आयव्हर आला. तो चेंडू मी आजही बघतो. खालून, जमिनीला घासत, सरळ तुझ्याकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपच्या जागेवर. तू बरोबर जागी होतास. गुडघा टेकलेला, हातमोजा जमिनीला, बापाने शिकवलं होतं तस्सा. आणि चेंडू खड्यावर आपटला आणि तुझ्या खांद्यावरून, कानाजवळून, मागे गेला. परमेश्वर शॉर्टस्टॉपला उभा असता तरी तो चेंडू त्याच्या हाती लागला नसता. त्यांचा माणूस फेरी पुरी करून घरच्या बेसवर पोचला, आपण सामना हरलो, टॉर्विकच्या टोप्या हवेत उडाल्या. मग टोप्या खाली आल्या आणि सगळ्यांनी माझ्या खोक्याकडे पाहिलं.

नियम काय सांगतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. चेंडू अडवण्याजोगा नसेल तर फटका, फलंदाजाच्या नावावर. अडवण्याजोगा असून सुटला तर चूक, अडवणाऱ्याच्या नावावर, आणि फलंदाजाला शून्य. ठरवणारा एकटा गुणलेखक. वर कोर्ट नाही. रिवाज असा, की शंका असेल तर पेन्सिलीने लिहायचं, संध्याकाळी दोन्ही गावांची चार शहाणी माणसं कॉफी पिताना विचारायचं, आणि मग शाई फिरवायची. मी पेन्सिल खाली ठेवली, पेन उचललं, आणि शाईने लिहिलं: चूक. शॉर्टस्टॉप. भोंग्यावरून तसं सांगितलंसुद्धा. बँडमधल्या एकाने वाजवायला ओठ लावलेले होते, त्याच्या कर्ण्यातून फुस्स असा आवाज आला. एवढाच आवाज. आयव्हरने पहिल्या बेसवरून माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली, जरा वर धरली आणि चालत ट्रककडे गेला. शिवी दिली असती तर मी सुखाने जेवलो असतो. ती टोपी छत्तीस वर्षं माझ्या घशात अडकलेली आहे. केक ते तिथेच सोडून गेले. आपल्या गावाने तो तीन दिवस खाल्ला. (उत्तम होता. मी दोनदा घेतला. आता लपवून काय उपयोग.)

आणि त्या रात्री घरी येऊन निळ्या वहीत मी काय लिहिलं ठाऊक आहे? 'क्रमांक १०००. शॉर्टस्टॉपच्या खांद्यावरून. कुणालाही अडवता आला नसता.' अधिकृत वहीत खोटं, चोरट्या वहीत खरं. असा मी गुणलेखक.

पण नॉर्ब, मला जे सांगायचं आहे ते आयव्हरबद्दल नाहीच. एवढं लिहून झाल्यावर आता वळसा घालायला रस्ता उरलेला नाही. वहीत रिकामा चौकोन चालत नाही. फटका आयव्हरच्या नावावर नाही म्हटलं की तो चेंडू चूक म्हणून कुणाच्या तरी नावावर जायलाच हवा. मी पेन उचललं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आयव्हर होता, केक होता, बँड होता. शॉर्टस्टॉपला माझा धाकटा भाऊ उभा आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. शपथेवर सांगतो. ते ध्यानात आलं सोमवारी, न्हाव्याच्या दुकानात, कुणीतरी तुला 'चाळण' म्हणाला तेव्हा. चूक नसती तर तो नुसता दैवाचा खेळ होता. चूक म्हटल्यावर तू सामना घालवलास. मंगळवारी मी तोंड उघडू शकलो असतो. बुधवारीही. गुरुवारी तू हातमोजा माझ्या ओट्यावर ठेवून गेलास, आणि मला वाटलं, आता आठवडाभर थांबावं, तापलं दूध लगेच ढवळू नये. आठवडाभर थांबलो आणि दूध नासलं. वसंतात तू ॲरिझोनात गेलास. हवेचं कारण सांगितलंस. मी सगळ्यांना सांगितलं, हो, त्याला थंडी सोसत नाही. ज्या पोराने उणे तीसमध्ये बाह्या वर करून डेअरीचे बर्फ झालेले कॅन फोडले, त्याला.

तर इथल्या टेबलावर एप्रिलमध्ये आयव्हरची नात सिग्रिड आली. ती आपल्या लीगची चिटणीस आहे आणि नियमाच्या बाबतीत आजोबांच्या मनगटांवर गेली आहे. जत्रेच्या मैदानावर हजार फटकेवाल्यांच्या नावाची ग्रॅनाइटची शिळा बसवायची आहे, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. नावं दोनच, त्या दोघा मेलेल्यांची. शिळेवरचा कपडा ओढायला कुणीतरी जिवंत हवा, म्हणून तिने आजोबांना विचारलं. आयव्हर म्हणाला, 'ओढीन की.' आणि लापशी खाऊ लागला. नॉर्ब, मी चमचा खाली ठेवला. तो माणूस दुसऱ्यांच्या नावावरचा कपडा ओढणार, आणि त्याचं नाव माझ्या पेनात अडकलेलं.

मी फादर शीफर यांना बोलावून रीतसर कबुली दिली. फादर म्हणाले, 'अलॉइस, टॉर्विकविरुद्ध ना?' मी म्हणालो, हो. 'कॅथलिक नव्हे, ल्यूथरन ना?' हो. 'मग हे पाप फार वरच्या थरातलं नाही. भावाचं मात्र खाली तळाला बसलंय. ते माझ्याच्याने निघायचं नाही.' प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला काही सांगितलं नाही. बिस्किटांच्या डब्यातून निळी वही आणून दिली तेवढी, आणि (मला पानांवर सॉसेजचा डाग दिसला) वाटेत वाचली.

मग एका दुपारी, बटाट्याच्या सूपवर, मी आयव्हरला सगळं सांगितलं. पाठ केलेलं होतं. मध्ये माझे डोळे भरले. तो गंभीरपणे मान हलवत होता. मी संपवल्यावर त्याने खिशातून कानाचं यंत्र काढलं, कानात घातलं आणि म्हणाला, 'मीठ सरकव जरा. आणि काही म्हणत होतास का?' दुसऱ्यांदा सांगण्याची ताकद नव्हती. मी वही पुढे सरकवली. त्याने पुठ्ठा उघडला, पहिलं पान वाचलं, उठला आणि वही काखेत घेऊन खोलीत गेला. त्याला आज चार दिवस झाले. जेवायला येतो, कॉफी पितो, जातो. वहीबद्दल शब्द काढत नाही.

म्हणून, नॉर्बर्ट, त्याच्या उत्तराची वाट न बघता मी तुला लिहितो आहे. त्याचा मी एक फटका घेतला. तुझं गाव घेतलं. डोलोरेसला सांग, की तिचा दीर म्हातारा झाला आहे आणि त्याला लाज वाटते. आणि हे वाचून तुला माझ्याशी हवामानही बोलावंसं वाटलं नाही, तर त्यात काही गैर नाही.

अधिक लिहीत नाही, हात दुखतो. थोड्या लिहिण्याने छत्तीस वर्षं भरून निघाली असती, तर मी फार पूर्वीच लिहिलं असतं.

तुझा थोरला भाऊ,
अलॉइस

ता. क. मुख्य काम राहिलं. सिग्रिडला विचारलं. गुणलेखकाचा निर्णय कितीही वर्षांनी बदलता येतो, पण दोन सह्या लागतात: एक गुणलेखकाची, एक ज्याच्या नावावर चूक आहे त्याची. कागद सोबत आहे. माझी सही केलेली आहे, शाईने. तुझी सही झाली की तुझी चूक पुसली जाते, आयव्हरचे हजार होतात आणि शिळेवर तिसरं नाव कोरायला वेळ आहे. पण सही चिटणिसासमोर प्रत्यक्ष येऊन करावी लागते, असा नियम आहे. तेव्हा जुलैअखेर यावंच लागेल.

ता. क. दुसरा, गुरुवार. पत्र अजून गेलेलं नाही. फादरनी पोस्टात टाकतो म्हणून नेलं आणि कोटाच्या खिशात विसरले. बरंच झालं, कारण आयव्हर बोलला. आज सकाळी त्याने निळी वही माझ्यापुढे ठेवली आणि क्रमांक ५४८ वर बोट टेकवलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: 'टॉर्विकच्या मैदानावर. पाहिला नाही, डेअरीत यंत्र बिघडलं होतं. त्यांच्या वहीवरून.' आयव्हर म्हणाला, 'हा खोटा आहे.' मी म्हणालो, खोटा कसा? म्हणाला, 'साधा चेंडू होता. थेट नॉर्बर्टच्या हातमोज्यात. त्याने धरला आणि हातातून पाडला. माझा मामा गुणलेखक. त्याने फटका लिहिला आणि मी गप्प बसलो. तेव्हा मला हाव होती.' मग कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाला, 'म्हणून त्या दिवशी तू चूक लिहिलीस तेव्हा मला वाटलं, ब्रुनरला ते कळलेलं दिसतंय. बरोब्बर वसूल केलंन. म्हणून टोपी काढली.' नॉर्ब, छत्तीस वर्षं ती टोपी मी घशात बाळगली, आणि ती होती शाबासकीची.

तर आता त्याचं म्हणणं असं, की दुरुस्ती करायची तर दोन्हींची, नाहीतर एकाचीही नाही. सिग्रिडने आणखी एक कागद दिला. सोबत आहे. मामा हयात नाही, म्हणून गुणलेखकाच्या जागी आयव्हरची सही चालते, आणि ती झालेली आहे. म्हणजे त्याचा एक फटका वाढतो, एक जातो, आणि तो नऊशे नव्याण्णववरच राहतो. शिळेवर तिसरं नाव येत नाही. मी पुष्कळ समजावलं, अरे, नातीला बरं वाटेल. तो म्हणाला, 'कपडा ओढायचं ठरलंय ना. ओढतो.' आणि तुझ्या बाजूने पाहिलं तर तुझी एक खोटी चूक जाते आणि एक खरी चूक लागते. एवढा खटाटोप करून वहीतला एकही आकडा हलत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून मी आयव्हरला विचारलं, नॉर्बर्टच्या हातून इतका साधा चेंडू सुटला कसा? त्याने आठवून सांगितलं, की तू चेंडूकडे बघतच नव्हतास. तू पहिल्या बेसमागच्या टेबलाकडे बघत होतास, तिथे त्यांच्या चर्चच्या मुली रुबार्बचं आंबटगोड सारण भरलेला 'पाय' विकत होत्या आणि त्यातल्या ठिपक्यांच्या फ्रॉकवालीने नुकतंच वर पाहिलं होतं. डोलोरेसला विचार, तिच्याकडे ठिपक्यांचा फ्रॉक होता का. होता असेल, तर ही चूक आपल्या नावावर घ्यायला तुला जड जाऊ नये.

ता. क. शेवटचा. पहिल्या ता. क. मध्ये लिहिलं आहे की सही प्रत्यक्ष येऊन करावी लागते. तसा काही नियम नाही. टपालाने चालते, सिग्रिडने पाकिटावर तिकीटही लावून दिलं आहे. ते वाक्य खोडायला गेलो, पण शाईने लिहून बसलो होतो, म्हणून तसंच राहू दिलं. तू कागद टपालानेच पाठव हवं तर. तुझा हातमोजा माझ्याकडे आहे, दर वर्षी तेल लावतो.